तेलाच्या डब्यातली काळी माती आणि एप्रिलमधलं पाणी

पत्र : लातूरला आमचं स्लॅबचं घर आहे, गच्ची वीस बाय वीस फूट. घरात पंधरा किलोचे तेलाचे १४ डबे, रंगाच्या ४ बादल्या, पाण्याचे २ फुटके जार आणि बाटल्यांचा ढीग साठला होता. दिवाळीनंतर शेतातली काळी माती आणून सगळं भरलं. मेथी बरी आली, पालक मात्र पिवळाच राहिला. फेब्रुवारीत टोमॅटो आणि भेंडी लावली. टोमॅटोला फुलं भरपूर आली आणि गळून गेली. जी चार-सहा फळं धरली ती बुडाकडून काळी पडली. माती दगडासारखी झालीय, वर पांढरा थर येतो. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, बाकी बोअरचं. शेजारच्या काकू म्हणतात राख आणि अंड्याची टरफलं घाला. सासूबाई म्हणतात, याच मातीत शेतात सोयाबीन येतं, मग डब्यात का नाही? आता मृगात पुन्हा मांडायचं तर काय करू? – एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर :

ताई, सासूबाईंचा प्रश्न नेमका आहे. तुमच्या बाकीच्या बहुतेक तक्रारी त्याच्याच पोटात आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

शेतात काळी माती हात-दोन हात खोल असते आणि खाली मुरूम असतो. वर भेगा पडल्या तरी सोयाबीनचं मूळ खाली जाऊन ओल गाठतं. डब्यात त्याला जेमतेम फूटभर जागा. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आक्रसते. शेतात ती आक्रसली की भेग पडते, डब्यात आक्रसली की पत्र्यापासून सुटते आणि चारी बाजूंनी बोटभर फट राहते. पुढच्या वेळी तुम्ही तांब्याभर पाणी ओतता, ते फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. खाली पाणी आलेलं दिसलं म्हणजे डबा भिजला असं आपण धरतो. प्रत्यक्षात मधला गोळा कोरडा ठणठणीत असतो.

खात्री करायची तर एक डबा आडवा करा, बाजूंना थापट्या मारा आणि मातीचा ठोकळा बाहेर ओढा. तो मधोमध फोडून बघा. मुळं कडेकडेने गोल फिरलेली दिसतील आणि मधल्या ढेकळात एकही मूळ नसेल. हिवाळ्यात रोज पाणी घातलं असेल तेव्हा याच्या उलट झालं असणार. माती चिकट होऊन तिच्यातली हवा गेली, मुळं गुदमरली. पालक पिवळा राहायचं पहिलं कारण बहुधा हेच. मेथी महिनाभरात निघते आणि वरच्या चार बोटांत जगते, म्हणून ती तरली.

पिवळेपणाची दुसरीही कारणं असतात, आणि ती पानावरून ओळखता येतात. बुडातली जुनी पानं पिवळी आणि शेंडा हिरवा असेल तर नत्र कमी पडलंय, खत द्या. उलट शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. मराठवाड्यातल्या बऱ्याच मातीत चुनखडी असते, सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल आहे की अल्कली याचं माप) आठच्या आसपास किंवा वर जातो. अशा मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, त्यात बोअरचं जड पाणी भर घालतं. यासाठी लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून, ताजं ताजंच, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. आठ-दहा दिवसांनी एकदा पुन्हा. फवारल्यावर आठवडाभर ती भाजी खुडू नका आणि नंतर धुऊन घ्या. पण सगळं झाडच फिकट, खुरटं आणि माती सदा ओली असेल तर फवाऱ्याने काही होणार नाही. तिथे माती बदलणं हाच उपाय.

आता मिश्रण. काळी माती टाकून द्यायची नाही, तिचा वाटा कमी करायचा. पंधरा किलोच्या डब्यात साधारण १६ लिटर मिश्रण बसतं. एक लिटरचं कुठलंही भांडं माप म्हणून धरा : ४ मापं काळी माती, ढेकळं फोडून चाळलेली; ६ मापं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत; ६ मापं भिजवून फुगवलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा; वर एक मूठ, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास, निंबोळी पेंड. पाणी घातल्यावर हे दीड-दोन इंच खाली बसतं, म्हणून काठोकाठ भरा. दरवेळी दोन इंच जागा पाण्यासाठी आपोआप राहील.

यात वाळू नाही, हे मुद्दाम. काळ्या मातीत थोडी वाळू घातली की ती मोकळी होते हा समज सगळीकडे आहे. खरं म्हणजे चिकणमातीत थोडी वाळू गेली की ती सुकल्यावर जास्तच घट्ट होते. वाळूने फरक पडायला ती मातीपेक्षा जास्त लागते आणि मग डबा उचलवत नाही. मोकळेपणा खताने आणि कोकोपीटने येतो.

कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवल्यावर ६० ते ७० लिटर होते, म्हणजे दहा-अकरा डब्यांचं काम झालं. ती क्षाराची असू शकते, म्हणून भिजवून, पिळून, पाणी फेकून पुन्हा एकदा भिजवा. विकत घ्यायचं नसेल तर तुमच्याकडे त्याहून सोपी वस्तू आहे : सोयाबीनचं भुस्कट. फक्त ते कच्चं मातीत मिसळू नका. कच्चं भुस्कट कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि झाडं पिवळी पडतात. पोत्यात भरून शेणकाल्याने भिजवा, तोंड बांधून सावलीत दोन-तीन महिने ठेवा, पंधरा दिवसांनी पोतं उलटं करा. काळपट होऊन हाताने सहज चुरगळलं की तयार. यंदा मृगाला मिळणार नाही, पण आज भिजवलंत तर ऑगस्टअखेर टोमॅटोच्या वेळेला हाताशी येईल.

शेणखताचंही असंच. चांगलं खत काळसर, भुसभुशीत आणि शेणाचा वास गेलेलं असतं. उकिरड्यातलं अर्धवट कुजलेलं आणलं तर डब्यात त्याला ऊब सुटते आणि कोवळी मुळं जळतात. शिवाय त्यात हुमणीच्या अळ्या येतात, पांढऱ्या, जाड, अर्धगोल वळलेल्या. शेतात दोन-चार अळ्यांनी फार बिघडत नाही, डब्यात एक अळी अख्खं झाड बसवते. खत चाळून, अळ्या वेचूनच वापरा.

डब्याला भोकं पाडताना एक बारकी गोष्ट बघा. खिळा बाहेरून ठोकला तर पत्र्याची कड आत वळते, भोकाभोवती उंचवटा होतो आणि तळाशी पाणी साठून राहतं. म्हणून डब्यात आतून ठोका, कड बाहेर वळू द्या. तळाला पाच-सहा भोकं करंगळी जाईल न जाईल इतकी, आणि चारी बाजूंना तळापासून इंचभर वर एकेक. तळाची भोकं बुजली तर बाजूची कामाला येतात. वरची कापलेली धार पकडीने आत मुडपून हातोडीने बसवा, घरात लेकरं असतील तर हे आधी. प्लास्टिकच्या भांड्याला ड्रिलने आठ मिलिमीटरची भोकं पाडणं बरं (टोमॅटोच्या बादल्यांचं वेगळं, ते पुढे सांगतो). तापवलेल्या सळईने पाडायची तर उघड्यावर, धूर नाकात जाऊ न देता.

तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे भरू नका. जवळपास प्रत्येक जण ते करायला सांगतो, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजून जड झाल्यावरच ते खाली सुटतं. म्हणजे ओलीचिंब पट्टी तळाऐवजी खड्यांच्या वर, मुळांच्या जवळ येते आणि डब्याची तीन-चार इंच खोली वाया जाते. भोकांवर नारळाच्या शेंड्या किंवा जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाका, तेवढं पुरे.

कशात लावायचं आणि कशात नाही, याबद्दल आमचं मत ठाम आहे. तेलाचे डबे चालतात. आधी गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने चिकटपणा काढा. गंजलेल्या पत्र्याने भाजीला अपाय होत नाही, फक्त तळ दोन-तीन वर्षांत सुटतो. रंगाच्या बादल्या डिस्टेंपर किंवा इमल्शनच्या असतील तर आतला वाळलेला पापुद्रा खरवडून, धुऊन वापरा. ऑइलपेंट, प्रायमर, थिनरचे डबे नको, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. फवारणीच्या औषधाचे कॅन, तणनाशकाचे डबे, ॲसिडच्या बाटल्या, बॅटरीची खोकी, इंजिन ऑइलचे कॅन यांना भाजीसाठी हातही लावू नका, सात वेळा धुतले तरी. शेती असलेल्या घरात हे डबे मजबूत म्हणून ठेवलेले असतात आणि कधीतरी कुणी त्यात कोथिंबीर पेरतं. तुमच्या गच्चीवर असा एकही असेल तर आजच वेगळा काढा.

प्लास्टिकच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. २ आणि ५ टिकाऊ. १ म्हणजे पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या बाटल्या, उन्हात वर्ष-दोन वर्षांत ठिसूळ होतात. ३ असेल तर खाण्याच्या पिकाला नको. युरियाची पोती फुकट मिळतात म्हणून लोक भरतात, पण विणलेलं प्लास्टिक एका उन्हाळ्यात चिंध्या होतं आणि ते धागे मातीतून वेचून निघत नाहीत. थर्माकोलचं खोकं मात्र मिळालं तर सोडू नका. आठ इंच खोल असलं तरी पालेभाजीला पुरतं आणि उन्हात मुळं सगळ्यात थंड त्यातच राहतात. बाहेरून चुना किंवा जुनं कापड लावा, म्हणजे उन्हाने त्याचा भुगा होणार नाही.

बाटल्यांच्या ढिगात भाजी लावायचा मोह टाळा. एक-दोन लिटर माती आपल्याकडे मार्चमध्ये दुपारपर्यंत कोरडी होते, भिंतीवर टांगलेल्या बाटल्यांचे फोटो कितीही छान दिसोत. त्या इतर कामाला लावा, ती पुढे सांगतो. फुटके जार चालतील, पण पारदर्शक आहेत. उजेड आत गेला की शेवाळ धरतं आणि मुळं कडेला वाढत नाहीत, म्हणून बाहेरून दोन हात चुना द्या.

चुना डब्यांनाही द्याच. मे महिन्यात दुपारी दोन वाजता उघड्या पत्र्याला हात लावून बघा, हात टिकत नाही. मुळं त्याच पत्र्याला चिकटून असतात आणि माती ३५ अंशांच्या वर गेली की बहुतेक भाज्यांची मुळं काम थांबवतात; पाणी असून झाड मान टाकतं. पांढरा चुना, भोवती गोणपाट, डबे एकमेकांना चिकटवून ठेवणं आणि पश्चिमेकडची ओळ सावलीत आणणं, एवढ्याने बराच फरक पडतो. होळीपासून मृगापर्यंत वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लागेलच. प्रत्येक डबा दोन विटांवर ठेवा, म्हणजे तापलेल्या स्लॅबची झळ लागत नाही आणि भोकं उघडी राहतात.

स्लॅबवरून आठवलं. भिजलेला एक डबा १६ ते १८ किलो भरतो. वावरता येणारी घराची गच्ची साधारण चौरस मीटरला १५० किलो भार धरून बांधतात. तेवढ्या जागेत डबे खेटून ठेवले तर पंधरा-सोळा बसतात आणि वजन अडीचशे किलोंच्या पुढे जातं. म्हणून गच्चीच्या मधोमध गर्दी नको. कठड्याच्या कडेने, खाली भिंत किंवा बीम आहे अशा ठिकाणी एकेरी ओळ. माळवदावर, म्हणजे लाकूड-मातीच्या छतावर, किंवा पत्र्याच्या छतावर हे करूच नये, तिथे अंगण वापरावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डबे किती मांडायचे हे घरात रिकामे डबे किती साठले यावर ठरवू नका, एप्रिलमध्ये पाणी किती उरतं यावर ठरवा. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा हिशोब पहिल्या दिवशीच करायला हवा. १६ लिटरच्या डब्यातलं मोठं झाड हिवाळ्यात रोज अर्धा-पाऊण लिटर पितं, उन्हाळ्यात दीड ते दोन. तुमची वीस भांडी हिवाळ्यात रोज १०-१५ लिटरवर चालतील. चार माणसांच्या घरात डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी जवळपास तेवढं निघतं. तीच वीस भांडी एप्रिलमध्ये रोज ३०-४० लिटर मागतील, म्हणजे नळाच्या दोन पाळ्यांमध्ये ३००-४०० लिटर. ते तुमच्याकडे नाही. तेव्हा दिवाळीत वीसच्या वीस भरा आणि होळीला सात-आठवर या. बाकीचे डबे सावलीत, माती झाकून, विश्रांतीला ठेवा.

पाणी कुठलं घालू नये हेही सांगतो. आरओ मशीनचं फेकलेलं पाणी आणि कूलरच्या टाकीचं उरलेलं पाणी, दोन्हींत क्षार साठलेले असतात. साबणाचं तर नकोच. तुमच्या डब्यांवरचा पांढरा थर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा आहे. तो चमच्याने खरवडून काढून टाका आणि पावसाळ्यात डबे उघड्यावर येऊ द्या, दोन-चार जोराच्या सरींनी उरलेला क्षार धुऊन जातो. त्यानंतर दोन चमचे निंबोळी पेंड आणि दोन मुठी खत वरून द्या, कारण पावसाने नत्रही धुतलं जातं.

पावसाचं पाणी साठवण्याची सोय असेल तर जरूर करा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. तुमची गच्ची ३७ चौरस मीटर आहे, म्हणजे २० मिलिमीटरच्या एका पावसात ७०० लिटरच्या वर. पहिल्या पावसाचं धूळपाणी वाहून जाऊ द्या, पुढचं ड्रममध्ये घ्या. ड्रमला झाकण किंवा घट्ट बांधलेलं कापड हवंच. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

मातीवर दोन इंच आच्छादन ठेवलं तर पाण्याची बचत लगेच दिसते. इथे कच्चं भुस्कट चालतं, कारण ते मातीत मिसळत नाही, वर पसरतं. आणि पाणी द्यायचं की नाही हे वरून बघून ठरवू नका. बोट दोन पेरं आत घाला; तिथे ओल असेल तर आज पाणी नको.

रंगाच्या चार बादल्या टोमॅटोसाठी राखा आणि त्यांना तळाला भोकं पाडूच नका. त्यांच्यात पाण्याचा साठा करता येतो. दोन लिटरच्या तीन बाटल्या घ्या, बुडाकडचे तीन इंच कापा आणि त्या वाट्यांना सुईदाभणाने पंधरा-वीस भोकं पाडा. बादलीच्या तळाशी त्या पालथ्या ठेवा. कडेला इंचभर जाडीचा पाइपाचा तुकडा उभा करा, त्याचं खालचं तोंड तिरपं कापलेलं आणि वरचं मातीच्या चार बोटं वर. बादलीला तळापासून अडीच इंचांवर, म्हणजे वाट्यांच्या माथ्याच्या किंचित खाली, पेन्सिलीएवढं एक भोक पाडा. आता ओलं मिश्रण वाट्यांच्या मधल्या सांदीत तळापर्यंत दाबून भरा, हीच वात. तिच्यातून पाणी वर चढतं. मग वर नेहमीसारखं भरा. पहिलं पाणी वरून, पुढचं पाइपातून, बाजूच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. तळाशी तीनएक लिटर साठतं, हिवाळ्यात तीन-चार दिवस बघायला नको.

यात बिघडतं ते तीन ठिकाणी. मिश्रणात काळी माती चार मापांहून जास्त गेली तर वात चिखल होते आणि मूळ कुजतं. बाजूचं भोक वाट्यांच्या वर गेलं तर बादलीच डबकं होते. पाइपाचं तोंड उघडं राहिलं तर डास होतात, त्यावर कापड बांधा. पाणी सतत खालून वर येत असल्यामुळे क्षार माथ्यावर जमतात, म्हणून महिन्यातून एकदा वरूनही भरपूर पाणी द्या.

टोमॅटो बुडाकडून काळे पडले, त्यावरही हीच बादली औषध आहे. त्या रोगाला जंतू लागत नाही. वाढत्या फळापर्यंत कॅल्शियम वेळेवर पोचलं नाही की ते काळं पडतं आणि कॅल्शियम पाण्याबरोबरच चढतं. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी बदाबद पाणी, असं झालं की फळाचं बूड मारलं जातं. आपल्या मातीत कॅल्शियम कमी नाहीच, चुनखडीच आहे ती. म्हणून अंड्याची टरफलं घालून उपयोग नाही. सामू आठच्या मातीत ती विरघळतही नाहीत. राख तर घालूच नका, ती सामू आणखी वर नेते आणि लोह अजूनच अडकतं. काकूंचा सल्ला कोकणातल्या आम्ल मातीत कदाचित लागू पडेल, लातूरच्या डब्यात नुकसान करेल.

आणि फुलगळ? तिला औषध नाही, कारण तो रोग नाही. दिवसा पारा ३५ च्या वर आणि रात्री पंचविशीच्या खाली उतरत नसेल तर टोमॅटोचं परागीकरण बिघडतं आणि फूल गळतं. फेब्रुवारीत लावलेलं रोप नेमकं मार्च-एप्रिलात फुलतं. बी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात टाका, रोप सप्टेंबरअखेर बादलीत, एका बादलीत एकच. फळं डिसेंबर ते फेब्रुवारी मिळतील. फुलं आल्यावर सकाळी दहाच्या सुमारास फांदीला हलकी टिचकी मारा, गच्चीवर वारा-मधमाशी कमी असेल तर याने फळधारणा वाढते.

मृगात पेरायला भेंडी, गवार, अंबाडी, तांदुळजा, चुका आणि जारमध्ये एखादा दोडका किंवा कारलं. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ घ्या. शिरा पिवळ्या करणाऱ्या हळद्या रोगाला तोंड देण्यासाठीच ती काढली, आणि संकरित नसल्याने घरचं बी धरता येतं. एका डब्यात एकच झाड, आणि चौघांच्या एका वेळच्या भाजीला निदान आठ झाडं लागतात. दोनच डब्यांत भेंडी लावली तर रोज दोन भेंड्या हाती येतात आणि माणूस वैतागतो, त्यामुळे लावायची तर आठ डबे तिला द्या, नाहीतर लावूच नका. पेरल्यापासून ४५-५० दिवसांनी तोडा सुरू होतो. एक दिवसाआड तोडली नाही तर फळं जरठ होतात आणि पुढची फुलं थांबतात. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. फळ धरत नसेल तर तेव्हाच नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर, म्हणजे मागे बारका दोडका असलेल्या फुलावर, हलकेच फिरवा.

डब्यात खरा फायदा पालेभाजीचा, आणि तिचा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, करडईची कोवळी भाजी, आणि एका खोक्यात दाट पेरलेला हरभरा, फक्त शेंडे खुडायला. पाच लिटरचा तेलाचा कॅन आडवा करून वरची बाजू कापली की मेथीला पुरतो. दोन चमचे बी, अर्धा इंच माती, २५-३० दिवस. दर दहा दिवसांनी एकेक कॅन पेरलात तर भाजी एकदम न येता लागोपाठ मिळते. पालक डब्याला नऊ रोपं, बुडापासून इंचभर वर कापा, तीन-चार कापण्या देतो. धने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, तोवर उकरून बघू नका. मिरचीची तीन-चार झाडं एका घराला पुरतात. कोबी-फ्लॉवरच्या मागे लागू नका. एक गड्डा तीन महिने अख्खा डबा अडवतो.

डब्यातलं खत पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून तीन आठवड्यांनंतर दर पंधरा दिवसांनी एक मूठ गांडूळखत द्या, किंवा १०० ग्रॅम शेंगदाणा पेंड लिटरभर पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून, दहापट पाणी मिसळून अर्धा-अर्धा लिटर. किडीसाठी आठवड्यातून एकदा पानं उलटी करून बघणं हाच मोठा उपाय. मावा, पांढरी माशी दिसली तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून थोडा साबण विरघळवून संध्याकाळी फवारा. वांग्याचा शेंडा मान टाकून सुकला तर आत अळी आहे. तो दोन इंच खालून कापून नष्ट करा, ओढ्या-नाल्यात टाकू नका. मिरचीची पानं वळली तर आधी हाच अर्क दोनदा मारा. तरीही नवीन पानं बारीक, चुरडलेलीच येत राहिली तर झाड उपटून टाका, शेजारच्या झाडांसाठी.

आणि उरलेल्या बाटल्या? अर्ध्या कापून रोपांवर टोपी म्हणून पालथ्या घाला, चिमण्या-खारी कोवळे कोंब खात नाहीत. टोपीचं बूच काढून ठेवा आणि ऊन चढल्यावर ती उचलून घ्या, नाहीतर आत रोप शिजतं.

या आठवड्यात सगळे डबे रिकामे करा, माती गच्चीवर पसरून पाऊस येईपर्यंत उन्हात तापू द्या, ढेकळं फोडा, भोकं नव्याने पाडा, चुना द्या. पहिला दमदार पाऊस झाल्यावर आठ डब्यांत भेंडी, दोन डब्यांत अंबाडी आणि एका जारमध्ये दोडका, एवढंच पेरा. उरलेले डबे ऑक्टोबरच्या पालेभाजीसाठी आणि बादल्या टोमॅटोसाठी भरून, झाकून ठेवा.